स्ट्राइक, हरताळ आणि संप



एका लहानशा इंग्रजी शब्दाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘स्ट्राइक’. क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला या शब्दाचा एक अर्थ ठाऊक असतो, आणि एस.टी.वर ज्याचा बाजार, शाळा आणि दवाखाना अवलंबून आहे त्या गावकऱ्याला दुसरा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा हा दुसरा अर्थ आपल्या तालुक्यात खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला.

शब्दांची कुळे सांगणे हे पंडितांचे काम, आणि आम्ही पंडित नव्हे. आमचे इंग्रजी नोटिसा, करारनामे आणि कायद्याची पुस्तके वाचता वाचता झालेले. कोश जवळ बाळगण्याची सवयही त्यातूनच लागली. परंतु ज्या शब्दाच्या भरवशावर माणसे घरची चूल थंड ठेवावयास तयार होतात, तो शब्द आला कोठून, हे जाणण्याचा अधिकार त्यांनाही आहे. शिवाय या शब्दाच्या इतिहासात आमच्या मते एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. मोठ्या इंग्रजी कोशात ‘स्ट्राइक’चे अर्थ डझनांनी सापडतात. मूळ जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फार सौम्य होता: हलकेच जाणे, हात फिरवणे, घासणे. पुढे त्या घासण्याचा आघात झाला. मग काय विचारता! घड्याळाने ठोका दिला, ते स्ट्राइक. काडी ओढून पेटवली, ते स्ट्राइक. टांकसाळीत नाणे पाडले, सौदा पक्का केला, जमाखर्चाचा मेळ घातला, वीज कोसळली, कलमाने मूळ धरले, मुक्काम हलवताना तंबू पाडले, खाणीत सोने लागले, या सर्वांना तोच शब्द. हजेरीपटावरून नाव खोडले, त्यालाही तोच. आपल्या शेतकऱ्यांना पटेल असा एक अर्थ सांगतो. धान्याचे माप शिगेने भरले की त्यावरून काठी फिरवून ते सपाट करतात. त्या काठी फिरवण्यालाही इंग्रज ‘स्ट्राइक’ म्हणतो. आणि आता विमानातून बाँब टाकणे यालाही.

इंग्रजी भाषा दरिद्री म्हणून एकाच शब्दाला इतकी कामे करावी लागतात, असे कोणी समजू नये. आपले ‘मारणे’ घ्या. हाक मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, गप्पा मारतो, भिंतीवर पाणी मारतो, चक्कर मारतो. यांत कोठेही कोणी मरत नाही. जो शब्द माणसाच्या हाताशी रोज असतो, तो कामाला जुंपला जाऊन असाच अनेकार्थी होतो.

आता प्रश्न असा की, आघाताच्या या शब्दाला काम थांबवण्याचा अर्थ कोठून चिकटला? त्याचे उत्तर १७६८ साली सापडते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये महागाई होती आणि मजूरवर्गात मोठी अस्वस्थता होती. लंडनच्या बंदरातील खलाशांनी मजुरीच्या मागणीसाठी व्यापारी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवण्याच्या क्रियेला खलाशांच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. शीड उतरले की जहाज जागचे हलत नाही. जहाज हलले नाही की माल पडून राहतो. त्या एका कृतीवरून काम थांबवण्याला ‘स्ट्राइक’ हे नाव पडले. यात एक मौज आहे. समुद्रावरील लढाईत निशाण उतरवणे म्हणजे शत्रूला शरण जाणे, आणि त्यालाही शब्द हाच. म्हणजे ज्या शब्दाने शरणागती सांगितली जाई, त्याच शब्दाने खलाशांनी आपला नकार सांगितला.

इतर देशांतील मजुरांनी याच गोष्टीला आपापल्या अनुभवातून नावे दिली. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी ‘ग्रेव्ह’ नावाची मोकळी जागा होती. काम नसलेले मजूर तेथे येऊन उभे राहत, जसे आपल्या शहरांत मजूर नाक्यावर उभे राहतात. त्या जागेवरून फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणू लागले. स्पॅनिश शब्द विसाव्याच्या क्रियापदावरून आला. रशियन शब्दाच्या मुळाशी इटालियन ‘बास्ता’ आहे, म्हणजे आपले ‘बस्स, पुरे!’. जर्मनांनी इंग्रजी शब्दच उचलला. कोणी शीड पाहिले, कोणी नाका पाहिला, कोणी विसावा पाहिला.

मराठी माणसाने काय पाहिले? आपल्याकडे दोन शब्द चालत आले, हरताळ आणि संप. दोन्ही नीट पाहण्यासारखे आहेत.

हरताळ नावाचे एक पिवळे खनिज असते. जुने लेखक पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकीत. त्यावरून ‘हरताळ फासणे’ म्हणजे केलेले पुसून टाकणे. परंतु बाजारातला हरताळ निराळा. त्याचे मूळ ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप या दोन शब्दांत सांगतात. हिंदी-उर्दूतील ‘हडताल’ तोच. निजामी राजवटीत दरबारची भाषा उर्दू असल्याने मराठवाड्याच्या कानाला ‘हडताल’ ओळखीचा होता. हा शब्द मुळात पेठेचा. आणि आपल्या सोनपेठेच्या तर नावातच पेठ आहे. जुलूम झाला, जबर कर बसला, की व्यापारी दुकानांना कुलपे घालीत. पुढे गांधीजींनी या जुन्या रीतीला राष्ट्रीय रूप दिले. रौलेट कायद्याच्या निषेधार्थ ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर हरताळ झाला. हरताळ पाळणारा आपल्या मालकीचे दुकान बंद करतो. ज्याच्याजवळ दुकान नाही, फक्त दोन हात आहेत, त्याने काय बंद करावे? त्याच्यासाठी शब्द आला ‘संप’.

आणि येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. ‘संप’ या शब्दाचा मूळ अर्थ काम बंद करणे असा नाहीच. जुन्या मराठीत संप म्हणजे एकी, मेळ, जूट. शेजारच्या गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा. भावाभावांत संप असावा, असे तेथे घरोघर सांगतात. मुंबईच्या गिरण्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही बोलल्या जात. काही माणसे आपसात मेळ करून ठरावीक मजुरीखाली काम करावयाचे नाही असे ठरवीत, तेव्हा ‘त्यांनी संप केला’ म्हणजे ‘त्यांनी एकी केली’ असे लोक म्हणत. हळूहळू एकी केली हे मागे पडले आणि काम थांबवले एवढेच उरले. इंग्रजाने कृतीला नाव दिले. मराठी माणसाने कृतीच्या आधी जे घडावे लागते त्याला नाव दिले.

इंग्लंडच्या सरकारला मात्र हा भेद चांगला कळत होता. तेथे १७९९ आणि १८०० साली जे कायदे झाले, त्यांत काम सोडण्यापेक्षा मजुरांनी मजुरीवाढीसाठी आपसात जूट करण्यावरच रोख होता, आणि त्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे बंदी आपल्या जुन्या अर्थाच्या संपावर होती. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. याच्याही आधी, १७७६ साली, ॲडम स्मिथने आपल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मजुरांच्या जुटीचा बोभाटा होतो, मालकांच्या जुटीविषयी कोणी बोलत नाही. पण मजुरी वाढू द्यावयाची नाही याविषयी मालकांचा मूक मेळ सदासर्वकाळ असतोच. जुन्या मराठीत सांगावयाचे तर, मालकांचा संप बाराही महिने चालू असतो.

आता महाराष्ट्राचा इतिहास या दृष्टीने चाळून पाहू. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तेथे मजुरीवरून काम थांबल्याची नोंद आहे. परंतु कामगारांच्या जुटीला रूप दिले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेल्या या माणसाने १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघाताला भरपाई, एवढ्याच मागण्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण ज्या सुट्टीत व्याख्याने ऐकतो, ती कोणा साहेबाने कृपा म्हणून दिलेली नाही.

याच सुमारास लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी समाजातील शेकडो कारागिरांनी एक निश्चय केला. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. श्रोतेहो, हा संप विसरता कामा नये. यात मजुरीवाढीची मागणी नव्हती. उलट मिळणारी मजुरी सोडावयाची होती. दुसऱ्याच्या घरातील असहाय स्त्रीसाठी त्यांनी आपला वस्तरा खाली ठेवला.

१९०८ साली लोकमान्य टिळकांना २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. बाजारानेही कुलपे लावली. पेठेचा हरताळ आणि गिरणीचा संप या शहरात असे हातात हात घालून चालले. त्याची दखल तिकडे युरोपात लेनिननेही घेतली.

यानंतरचा १९२८ चा संप फार मोठा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्यातूनच उभा राहिला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या संपातील महत्त्वाचा प्रश्न आघाताचा नव्हता, संपाच्या मूळ अर्थाचा होता. विणकाम खात्यात मजुरी जास्त. आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागलेले सवर्ण कामगाराला चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे सरळ प्रश्न टाकला. सर्व खाती आमच्या माणसांना खुली व्हावीत ही मागणी तुम्ही करणार आहात की नाही? नसाल, तर आम्ही त्यांना संपापासून दूर राहावयास सांगू. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण मनापासून नव्हे. पुढच्याच वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांनी संप फोडला असे म्हणणारे त्या वेळीही होते. आम्ही त्यांना विचारतो, जेथे एका धोट्याला दोघांचे तोंड लागलेले चालत नाही, तेथे फोडावयाला संप होताच कोठे? काम बंद होते एवढेच.

हेच बाबासाहेब दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, त्याला केवळ दुसरे नाव दिले आहे, असे त्यांनी विधिमंडळात मांडले. मनाविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे गुलामी, हा त्यांचा युक्तिवाद. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या वेठबिगार केली, त्यातील माणसाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत अधिक कळावी, यात नवल नाही.

दरम्यान हा शब्द गिरणीतून शेतातही गेला होता. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळ चरी नावाचे गाव आहे. तेथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की खोतांची जमीन कसावयाची नाही. सुमारे सहा वर्षे ती शेते पडीक राहिली. शेतकऱ्यांनी लाकडे विकली, मासळी धरली, अर्धपोटी दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३९ साली तडजोड झाली, आणि कुळांना कायद्याने कूळ म्हणून मान्यता मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. एवढा दीर्घ संप टिकला, कारण पंचवीस गावांचा मेळ मोडला नाही. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपाने जेव्हा दूध आणि भाजीपाला रोखून धरला, तेव्हा अनेकांना ‘शेतकरी कसा संप करणार?’ असा अचंबा वाटला. चरी ठाऊक असती तर वाटला नसता.

आता एका दुःखद प्रकरणाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस आणि पगारवाढ या मागण्या होत्याच; पण ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता, त्या कायद्याविरुद्धही तो लढा होता. वर्षाहून अधिक काळ माणसे उपाशी राहिली. संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो कागदावर संपला नाही, गिरण्या मात्र संपल्या. धैर्य कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. मग कमी काय पडले? आमचे उत्तर असे की, गिरण्या बंद होत्या तेव्हा भिवंडीचे माग चालू होते, आणि गिरणीमालकांचा पुष्कळसा कपडा तेथे विणला जात होता. गिरणी कामगाराचा गिरणी कामगाराशी संप होता. मागावरच्या, त्याहून कमी मजुरीवर अधिक तास राबणाऱ्या कामगाराशी तो नव्हता. मालकांनी आपली जूट शहराबाहेर पसरली होती, कामगारांची जूट गिरणीच्या फाटकापाशी थांबली होती. याच्या दोनच वर्षे आधी, १९८० साली, पुण्यात घरकाम करणाऱ्या मोलकरणींनी संप केला होता. त्यांना ना कारखाना, ना हजेरीपट, ना फाटक. तरीही त्यांनी घरोघर निरोप पोहोचवून मेळ केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. मोठ्या संपांच्या इतिहासात या लहान संपाचे पान आम्हांला फार मोलाचे वाटते.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा: एखाद्या उद्योगातील माणसांनी एकत्र येऊन काम थांबवणे, किंवा समाईक समजुतीने काम करण्यास नकार देणे. त्यातील ‘एकत्र येऊन’ आणि ‘समाईक समजूत’ हे शब्द पाहा. एकट्या माणसाने काम सोडले तर तो राजीनामा किंवा गैरहजेरी. समजूत समाईक असेल तरच संप. इंग्रजी कायद्याला ‘स्ट्राइक’ची व्याख्या करताना शेवटी आपल्या जुन्या मराठी अर्थाकडेच यावे लागले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही व्याख्या आणखी रुंद केली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. पूर्वी चौदा दिवस आधी नोटीस देण्याचे बंधन सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होते; २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आल्यावर ते सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाले. आघातापेक्षा समजुतीवर राज्यकर्त्यांचे लक्ष अधिक असते, हे १७९९ पासून आजपर्यंत बदललेले नाही.

शेवटी आपल्या दारापाशी येऊ. दसरा-दिवाळी झाली की आपल्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही रीत. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर ती फेडावयाची. कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे मजूर. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा माणूस. मालक कोण हेच कागदावर धड उमटत नाही, आणि टोळ्या शंभर गावच्या फडांत विखुरलेल्या. अशा माणसांनी संप करावा कोठे?

त्याचे उत्तर या माणसांनी स्वतःच शोधले, आणि त्याला नाव दिले ‘कोयता बंद’. हा संप कारखान्याच्या फाटकावर होत नाही, तो हंगामापूर्वी गावात होतो. दर ठरल्याशिवाय गाडीत बसावयाचे नाही. उभा ऊस वाट पाहत राहतो, कारखान्याचे धुराडे पेटत नाही, मग बोलणी होतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही या दबावाखेरीज झाली नसती. लंडनच्या खलाशाने शीड खाली ठेवले, मुंबईच्या न्हाव्याने वस्तरा, चरीच्या कुळाने नांगर. आपला ऊसतोड्या कोयता खाली ठेवतो. नाव हत्याराचे, बळ मात्र त्यामागच्या मेळाचे. आणि तो मेळ होण्याची जागा आपली ही गावे आहेत, हे तांडे, ही वस्ती, हा बाजार. दर ठरण्याच्या आधी एका टोळीने उचल घेऊन रात्री गाडी धरली तर कोयता बंद राहत नाही. पाणवठ्यावर, पंगतीत ज्यांची जात आडवी येते, त्यांचाही मेळ कोयत्यापुरता होईल असे समजणे व्यर्थ आहे. १९२८ चा धोटा आपल्याला हेच सांगतो.

म्हणून आम्ही संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांना नेहमी एक सांगतो, आणि तेच आज आपल्या पुढ्यात ठेवतो. संप या शब्दाचा दुसरा अर्थ वर्तमानपत्रात छापून येतो. पहिला अर्थ छापून येत नाही, तो घडवावा लागतो. दुसरा अर्थ एका घोषणेत साधतो. पहिल्याला वर्षे लागतात. पहिला नसताना दुसरा पुकारला तर घरची चूल तेवढी विझते. आणि पहिला पक्का असेल, तर पुष्कळदा दुसऱ्याची वेळच येत नाही. मालक आधीच बोलणीला बसतो. कोशात दोन्ही अर्थ ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने ते आपल्या हातून घडोत, एवढी अपेक्षा आम्ही व्यक्त करतो.